रॉनने फक्त मला सांगितलं होतं

"हॉस्पिटल सोडून काहीही सांग, डॉक," असं म्हणत रॉन पायात मोजा चढवू लागला.

मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावात जीपी आहे, म्हणजे आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर. रॉन शहात्तरचा, डायबेटिसचा जुना पेशंट. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. रोज ड्रेसिंग झालं नाही तर काय होणार, हे मला दिसत होतं. माझा आवाज जरा चढलाच. हॉस्पिटलला एवढं घाबरायला काय झालं, असं मी विचारलं.

त्याने मोजा पुन्हा काढून हातात घेतला. मग म्हणाला, की चौथ्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत तो अनाथाश्रमात होता. लांबलचक खोली, ओळीने खाटा, अंथरूण ओलं झालं की मार. वॉर्डातल्या खाटा बघून त्याला आजही घाम फुटतो.

"माझ्या मुलीलाही हे माहीत नाही," तो म्हणाला.

अशा लोकांना इथे केअर लीव्हर म्हणतात. म्हातारपणी त्यांच्यावर पुन्हा संस्थेत राहायची वेळ येऊ नये म्हणून घरी सरकारी मदत मिळू शकते, पण फॉर्मवर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, रॉनने सही केली. नर्स घरी येऊ लागली, जखम भरायला लागली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मुलीचा, केलीचा फोन आला. बाबांना ॲडमिट का करत नाही म्हणून ती माझ्यावर उखडली. पुण्यात प्रॅक्टिस करताना आम्ही पेशंटला धीर द्यायचो आणि खरं काय ते बाहेर नातेवाइकांना सांगायचो. इथे वीस वर्षं काढूनही माझी ती खोड गेली नव्हती.

"केली, त्याला वॉर्ड सहन होत नाही. अनाथाश्रमात वाढलेल्या माणसाला..."

"कुठल्या अनाथाश्रमात?"

व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रॉनने नर्सला दारातून परत पाठवलं. माझा फोन उचलला नाही, माझ्या माफीच्या पत्राला उत्तर दिलं नाही. महिन्याभराने ॲम्ब्युलन्सने त्याला हॉस्पिटलात नेलं. अंगठा गेला, पाय वाचला. आठ दिवस तो त्याच वॉर्डात होता, ज्यापासून मी त्याला वाचवायला निघालो होतो. मला आजही या गोष्टीची लाज वाटते.

पुढे एकदा तो सुपरमार्केटमध्ये भेटला, हातात काठी. मी तिथेच माफी मागितली.

"पायाचं सोड, डॉक," तो म्हणाला. "केली पूर्वी माझ्याशी कचाकचा भांडायची. आता हळू आवाजात बोलते. मला माझी भांडणारी मुलगी हवी होती."

तेव्हापासून घरच्यांपैकी कोणाला काय सांगायचं, हे मी प्रत्येक पेशंटला विचारून फाइलच्या पहिल्या ओळीत लिहितो. रॉनला ते विचारायची गरजच नव्हती. मुलीला माहीत नाही, हे त्याने न विचारताच सांगितलं होतं.