निळ्या काठाची दुपटी

घडीमावशीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला धुलाईखान्याचं फाटक उघडायचं, आणि पहिली चादर रोलरखालून बाहेर पडायच्या आत ती टेबलापाशी उभी असायची. मोठ्या इस्पितळाच्या चादरी आमच्याकडे यायच्या. मी बॉयलरवर होतो. वयाने मी तिच्याहून मोठा, पण सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो.

घडी घालणं हलकं काम आहे असं ज्याला वाटतं त्याने एक पाळी ते करून बघावं. रोलरमधून चादर निघते ती तव्यावरून उतरल्यासारखी. टोकं पकडायची, झटका द्यायचा, काठाला काठ लावायचा, तळव्याने दाबायचं, रचायचं. तोवर पुढची आलेली असते. बोटांची पेरं भाजून भाजून गुळगुळीत होतात. मावशीने हे काम उभं आयुष्य केलं आणि तिच्या घडीची कड कधी सुटली नाही. बाकीच्यांच्या सुटायच्या. माझ्या बायकोच्याही सुटायच्या, तीही तिथेच होती.

मावशीचा नवरा ट्रकवर होता. एका फेरीला गेला तो दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडून बसला. मुलगा तेव्हा अगदी तान्हा. मावशीने त्याला शेजारणीच्या ओटीत टाकला आणि कामावर आली. एक पाळी संपली की दुसरी धरायची. घरी पोचायची तेव्हा पोर झोपलेलं, निघायची तेव्हाही झोपलेलं.

"माझ्या पोराचे डोळे कसले आहेत ते मला रविवारी कळायचं," असं ती हसून सांगायची. त्या हसण्याला आमच्यातलं कुणी हसत नसे.

मुलगा शिकला. ऑफिसात लागला, लिफ्टच्या इमारतीत घर घेतलं, गाडी घेतली. सून शांत, मोजकं बोलणारी. तिची आई ती शाळेत असतानाच वारली होती. त्यामुळे सुनेला दिवस गेले तेव्हा मावशीने मनाशी ठरवून टाकलं की पहिले काही महिने बाळ-बाळंतिणीकडे आपणच बघायचं. दुसरं आहेच कोण? निवृत्तीला थोडेच महिने राहिले असताना तिने राजीनामा लिहून दिला.

मुकादम म्हणाला, "मावशी, एवढं थांबली असतीस तर पुरे पैसे मिळाले असते. घाई कसली?"

"बाळ थांबेल का तुझ्यासाठी?" मावशी म्हणाली. "एकदा मुकलेय. आता मांडीवर घेऊन बसायचंय. हिशेब तू कर."

नोटिशीचा महिना चालू असताना मुलगा आणि सून तिला बाळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळं साभिनय सांगितलं. दुकान म्हणे आमच्या धुलाईखान्याएवढं, आणि सगळा माल हाताच्या लांबीपेक्षा लहान माणसासाठी.

मावशीची पारख एकच. प्रत्येक वस्तूपाशी उभी राहायची आणि विचारायची, "याचा कपडा निघतो का?"

"निघत नाही, पण ओल्या फडक्याने पुसता येतो," विक्रेता म्हणाला.

"पुसता? बाळ काय धूळ सांडणार आहे?"

मग एक डबा दाखवला. ओले रुमाल गरम ठेवायचं यंत्र.

"आणि लाईट गेली तर?"

"तर मग साधेच रुमाल वापरायचे, आजी."

"मग मी लाईट गेल्यापासूनच सुरू करते."

आम्ही पोट धरून हसलो. पण ती सांगत होती त्यात तथ्य होतं. तिच्या मते पहिल्या महिन्यांना लागतं ते फार थोडं. मऊ कापड, लागेल त्याच्या दुप्पट. झाकणाची बादली. बाळाला पाजताना कोपर टेकेल अशी हाताची बुटकी खुर्ची, कारण मोडते ती आईची पाठ. आणि एक जास्तीचा माणूस. टोपडी, बूट, चिमुकल्या विजारी, सगळं बाळाच्या अंगाआधी लहान होतं. खुर्ची मुलाने घेतली. गाडीत बाळाला बांधून बसवायची खुर्ची मात्र तिला पैशाची नासाडी वाटली. "मांडी आहे की माझी," असं म्हणाली. मुलगा म्हणाला, "आई, ब्रेक लागला तर मांडी धरून ठेवत नाही." हे त्याचं बरोबर होतं आणि मी तिला तसं सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

दुकानात सर्वांत शेवटी एक पाळणा होता. विजेवर चालणारा. बटण दाबलं की आपोआप झुलतो, आतून आईच्या छातीच्या ठोक्यासारखा आवाज येतो. सून त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मावशी म्हणाली, "याची काय गरज? मी आहे ना." सुनेने पाळण्यावरचा हात काढून घेतला. किंमत बघून मुलगाही पुढे सरकला.

मऊ कापड मावशी स्वतः देणार होती.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. इस्पितळाची चादर शेकडो वेळा उकळली की विरते. उजेडात धरली तर पलीकडचा माणूस दिसतो. अशी चादर रद्द होते, आणि साहेबाला सांगून ज्याला हवी त्याला घरी नेता येते. त्या कापडासारखं मऊ कापड कुठल्याही दुकानात मिळत नाही. आमच्या सगळ्यांची पोरं त्याच्याच दुपट्यांत वाढली. मावशीचा मुलगाही. आमच्या लेखी चादर जितकी जास्त धुतलेली तितकी शुद्ध.

महिनाभर मावशी दुपारी घरी जाऊन शिवत बसायची. विरलेला मधला भाग काढून टाकायचा, कडेचं दमदार कापड घ्यायचं, दुहेरी करून बारीक टाक्याने हाताने शिवायचं. मशीन नको, कारण मशीनची शिवण जाड होते आणि बाळाला रुतते. कडेला इस्पितळाचा निळा काठ होता, तो तिने मुद्दाम ठेवला. चांगला दिसत होता. शिवून झालेलं प्रत्येक दुपटं कामावर आणून माझ्या वाफेवर पुन्हा उकळून घेतलं. माझ्या बायकोने एक गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, "मला आता पुन्हा पोर व्हायला हवं." एवढं बोलून ती कामाला लागली.

सुनेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण इस्पितळातून घरी आल्यावर दोन दिवसांनी मावशी आपली पिशवी आणि दुपट्यांचं गाठोडं घेऊन पोचली. राहायच्या तयारीने.

सुनेने दुपटं हातात घेतलं. "किती मऊ आहे, आई. कुठून आणलंत?"

मावशीला सांगायचीच हौस. "विकत नाही मिळत असलं. इस्पितळाची चादर आहे. शेकडो वेळा उकळलेली. मी स्वतः निवडून काढल्यात."

सुनेने काठ बघितला. मग दुपटं पलंगाच्या कडेला ठेवलं आणि बाळाला उचलून जवळ घेतलं.

"माझी आई अशाच चादरीवर गेली," ती म्हणाली. "हाच निळा काठ होता. मी तो शेवटपर्यंत धरून बसले होते."

इथेच गप्प राहायला हवं होतं. मावशी म्हणाली, "अगं, पण धुतलेलं आहे ना. किती वेळा धुतलेलं आहे."

"कळतंय मला, आई. पण माझ्या मुलीच्या अंगाला नको."

मुलगा दारात उभा होता. मावशीने त्याच्याकडे बघितलं. "सांग तिला. तू यातच वाढलास."

तो बायकोकडे बघत म्हणाला, "ते दिवस वेगळे होते, आई. तेव्हा आपल्याकडे दुसरं काही नव्हतं."

यानंतर कुणी आवाज चढवला नाही, दारं आपटली नाहीत. सुनेने चहा केला. पण बाळ काही मावशीच्या हातात आलं नाही. पाजायचं होतं, मग झोपलं होतं, मग सुनेला रडू आवरेना. संध्याकाळी गाठोडं तिथेच राहिलं आणि मुलगा पिशवी उचलून तिला घरी सोडायला निघाला. गाडीत म्हणाला, "थोडे दिवस जाऊ देत. ती हळवी झालीय. तुला बघितलं की तिला ते सगळं आठवतंय."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस, आई. म्हणून तर तिला बोलताही येत नाहीये."

हे मला मावशीने फाटकाबाहेरच्या बाकावर सांगितलं. नोकरी सुटली होती तरी ती पाळी सुटायच्या वेळेला तिथे येऊन बसायची. बोटं सारखी मांडीवर काहीतरी दाबत असायची. मग म्हणाली, "तिच्या आईची चादरसुद्धा माझ्याच हाताखालून गेली असणार, दादा. आणि घडी चांगलीच घातली असणार मी."

मी म्हटलं, "काठ कापायला हवा होतास."

"काठ कशाला कापू? त्यात लपवायचं काय होतं?"

तिचं खरं होतं. सुनेचंही खरं होतं. दोन्ही खरी असली की त्यातून वाट निघत नाही, एवढं मी पाहिलंय.

थोडे दिवस म्हणता म्हणता बाळाने मान धरली. मग मुलाचा फोन आला. रात्रभर रडते, दोघंही झोपेला मोताद झालेत, सून कामावर परत जायच्या घाईत आहे. मावशी म्हणाली, "मी येते. आत्ता येते."

मुलगा म्हणाला, "नको, आई. तू कशाला दगदग करतेस. तुला मनातून काही द्यायचंच असेल तर… तो पाळणा आठवतो?"

राजीनाम्याचे पैसे तेव्हाच हातात आले होते. पुरे नव्हते, आले तेवढे. मावशीने त्यातले लागतील तेवढे काढून दिले. मी म्हटलं, "तू नाही म्हणायला हवं होतंस."

"आणि बाळाला रडू द्यायचं?" ती म्हणाली.

पाळणा आल्यावर तिला बघायला बोलावलं. ती गेली तेव्हा मुलगा इमारतीखाली गाडी पुसत होता. हातात निळ्या काठाचं दुपटं होतं.

"झकास आहेत गं, आई," तो खूश होऊन म्हणाला. "काचेवर एक रेघ उठत नाही."

मावशीने त्याच्या हातातून दुपटं घेतलं, चौपदरी घडी केली, कड आत घेतली आणि परत दिलं. "असं धर. नाहीतर शिवण ओरखडते."

वर खोलीत पाळणा झुलत होता. बाळाला पट्ट्या लावल्या होत्या, घसरू नये म्हणून. आतून ठोक्यांचा आवाज येत होता. तो मावशीला धुलाईखान्यातल्या जुन्या पंपासारखा वाटला. सून हळूच म्हणाली, "बसा ना, आई. आत्ताच लागलाय डोळा. बंद केला की उठते." तिने मावशीला ती बुटकी खुर्ची दिली. कोपर नीट टेकलं. मावशी तासभर मांडी रिकामी घेऊन बसली.

निघताना तिने विचारलं, "याचा कपडा निघतो का गं?"

"निघतो. मशीनलाच टाकते मी."

मुलीचे डोळे कसले आहेत, हे मी मावशीला विचारलं. म्हणाली, "झोपली होती."

पहाटे चारला उठून, पेरं भाजून, आयुष्यभर घड्या घालून मिळवलेल्या पैशांतून शेवटी आला तो हा, माणसाचा हात न लागता हलणारा पाळणा. चालतो मात्र उत्तम. अजून एकदाही बिघडलेला नाही.