कमी पाण्यात वाढलेली सागाची रोपं

कुरखेड्याजवळच्या वनसंशोधनाच्या प्लॉटवर मी सागाच्या रोपांची वाढ मोजायचे. जंगलातल्या निवडक झाडांचं बी आणून एकाच मातीत लावलं होतं. कोणत्या झाडाची संतती कमी पाण्यात चांगली वाढते, ते शोधायचं होतं. सोबत राहणारी सहकारी बदली होऊन गेल्यावर क्वार्टरमध्ये मी एकटीच उरले. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नसे.

एका उन्हाळ्यात रोपं पाणी किती वापरतात हे सांगणाऱ्या पानांच्या तपासणीचा निकाल आला. पाणी जपणारी झाडं बहुधा सावकाश वाढतात; पण एका झाडाची रोपं पाणी कमी वापरूनही उंचीत पुढे होती. मला आनंदानं बसवेना. सांगायला फक्त म्हातारे चौकीदार भाऊ होते.

"त्याईची माय मले ठाऊक हाय, बाई. चला, दाखवतो," ते म्हणाले.

तासभर चालून गेलो, तर ज्याचं बी आणलं होतं ते झाड उन्मळून आडवं पडलेलं.

"मांगच्या पावसाळ्यात तं उभं होतं," भाऊ हळूच म्हणाले.

मी त्या खोडावर बसून रडले. झाडासाठी की इतक्या दिवसांच्या मुकेपणासाठी, मला कळलं नाही. माझं आवरेपर्यंत भाऊ थोड्या अंतरावर थांबून राहिले.