कुमुदताईंची पंधरा मिनिटं

"भाडं नको. फक्त पहिली पंधरा मिनिटं आमची," असं कुमुदताई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, दीपप्रज्वलन, स्वागत, नारळ असं काहीतरी असेल. आम्ही चौघं आयटी पार्कातली नोकरदार पोरं, शनिवारी रॉक वाजवणारी. आमचा आवाज ऐकल्यावर चंदीगडात कुणी हॉल देईना. मराठी मंडळाच्या सभागृहाची किल्ली कमरेला खोचून उभ्या असलेल्या या पन्नाशी उलटलेल्या बाईंनी दिला. बँडमध्ये मराठी मी एकटाच, त्यामुळे बोलणी माझ्याकडे. मी लगेच हो म्हटलं आणि पक्का फसलो.

आमच्या पोस्टरवर कवटी होती. ताईंनी तिच्याखाली स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'आरंभी मंगळागौरीचे खेळ'. मुख्य बँडच्या आधी कुणीतरी कार्यक्रम करतं हे मला ठाऊक होतं. पण ते आपल्याच जातकुळीचं असतं, अशी माझी आपली भाबडी समजूत. पडदा वर गेला आणि काळे टी-शर्ट घातलेल्या दोनशे पोरांसमोर नऊवारीतल्या सहा बायका हातात सुपं घेऊन उभ्या! आमचा गायक गुरजोत विंगेत माझ्या कानात म्हणाला, "यार, ये कौन सा बँड है?"

पुढच्या वेळी मंडळातल्या जोशीकाकांनी तोंडानं पक्ष्यांचे आवाज काढले. कोकिळेपर्यंत ठीक होतं, कावळा आला आणि सगळा हॉल काव काव करायला लागला. मग स्तोत्रपठण झालं. एकदा तर लोणच्यावर भाषण झालं, आणि त्यानंतर आम्ही आमचं सगळ्यात भयंकर गाणं वाजवलं. मी ताईंना विनवून पाहिलं, "ताई, निदान जरा मेळ बसेल असं काहीतरी ठेवा ना."

"पानात आधी मीठ वाढतात," ताई म्हणाल्या. "खिरीशी मेळ बसतो का त्याचा? तरी वाढतातच की नाही?"

या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. लग्न होऊन साताऱ्याहून आल्या त्याला तीस वर्षं झालेली. यजमान सरकारी कचेरीत. भाजीवाल्याशी त्या पंजाबीतून भांडायच्या आणि जिंकून झाल्यावर "जिऊंदा रह, पुत्तर" असा आशीर्वाद देऊन कोथिंबीर फुकट घ्यायच्या. आमच्या ड्रमवाल्याला त्यांनी एकदा भर तालमीत थांबवून विचारलं होतं, "एवढं आपटतोस, भूक नाही लागत?" आणि खरंच डब्यातून थालीपीठ काढलं होतं.

पण ही पंधरा मिनिटं म्हणजे त्यांची गंमत नव्हती. एकदा खुर्च्या लावताना त्या आपणहून बोलल्या. मंडळातली तरुण मुलं पुण्याबंगळुरूला गेली, उरलेल्यांना मराठी कळतं पण हिंदीतून उत्तर देतात. कार्यक्रमाला नऊ माणसं. "अरे, नऊ जणांसमोर फुगडी घालायची म्हणजे आरशासमोर भांडण्यासारखं! बायका दोन-दोन महिने गुडघ्यांना तेल चोळून तालमी करतात. मला बाकी काही नको. एकदा, भरल्या हॉलमध्ये, पुरी पंधरा मिनिटं त्यांना कुणी बघू दे."

ती पंधरा मिनिटं कधी पुरी व्हायची नाहीत. चौथ्या मिनिटाला मागून आरोळी यायची, "आंटी जी, बँड बुलाओ!" मग शिट्ट्या. सातव्या-आठव्या मिनिटाला बायका कसनुसं हसत आवरतं घ्यायच्या. ताई आम्हाला एका शब्दानं बोलायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "चला, आज साडेसात मिनिटं झाली."

तिसऱ्या वर्षी यजमान निवृत्त झाले आणि ताईंचं साताऱ्याला परतायचं ठरलं. जायच्या आदल्या शनिवारी आमचा कार्यक्रम होता. आरंभी पुन्हा मंगळागौर. आम्ही नेहमीसारखे बाहेर चहाच्या टपरीवर. गिटारचा पट्टा विसरला म्हणून मी आत गेलो, तर आरोळ्या सुरू झालेल्या. रंगमंचावर मंडळातल्या प्रमिलाकाकू फुगडीच्या मध्येच थांबल्या होत्या. वय अडुसष्ट, छाती भात्यासारखी चाललेली. विंगेकडे बघून त्या विचारत होत्या, "आवरू का गं, कुमुद?" आणि ताई हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांना ना हो म्हणवत होतं, ना नाही.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पट्टा तिथंच टाकून मी बाहेर पळालो आणि तिघांना अक्षरशः ओढत आत आणलं. "करना क्या है?" गुरजोत विचारत होता. "कुछ नहीं. बैठना है."

आम्ही चौघं पहिल्या रांगेच्याही पुढे, जमिनीवर मांडी घालून बसलो. पाठ पोरांकडे, तोंड बायकांकडे. आरोळी आणखी एकदा आली, "बँड बुलाओ!" गुरजोतनं मागं वळून शांतपणे सांगितलं, "बँड यहीं बैठा है. देख रहा है. तू भी देख."

हशा पिकला आणि मग गलका थांबला. प्रमिलाकाकूंनी पदर खोचला आणि पुन्हा हात धरले. फुगडी झाली, सुपं नाचली, कोंबडा झाला. उकिडवं बसून उड्या मारणाऱ्या त्या काकूंकडे बघून मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली, पण या वेळी नीट दिसावं म्हणून. मी आयुष्यात पहिल्यांदा हे खेळ पुरते पाहिले. फार सुंदर होते हो! टाळ्या थांबेनात. मला तर रडूच आलं, आणि ते लपवायची सोयही नव्हती.

ताई विंगेतून बाहेर आल्या. डोळे भरलेले, पण आवाज तोच, भाजीवाल्याशी भांडतानाचा.

"सतरा मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. मग आम्हा चौघांकडे एकेक करून बघितलं. "एवढंच करायचं होतं, गाढवांनो. नुसतं बसायचं होतं. तीन वर्षांत सुचलं नाही होय रे?"

नव्हतं सुचलं, ताई. आम्ही बाहेर चहा पीत होतो.