आकृतीच्या जागी उभी असलेली बाई

लातूरच्या त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये काहीही बिघाड नव्हता. हे आधी लिहितो, कारण विद्यापीठाच्या दप्तरात याच्या उलट नोंद आहे आणि तिच्याखाली माझी सही आहे.

नांदेडला विद्यापीठात मी दूरशिक्षणाच्या पुस्तकांचं काम पाहायचो. ही पुस्तकं संकेतस्थळावर असत. अंध विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर ती मोठ्यानं वाचून दाखवतं. चित्र आलं की मात्र त्याला काही कळत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन लिहून ठेवायचं असतं. डोळसांना ते दिसत नाही, अंधांना ऐकू येतं.

तपासणी समिती येणार म्हणून घाई सुटली. वर्णनाची जागा कोरी असली की ते चित्र संगणकावरच्या तपासणीत लाल दिसायचं. काहीही भरलं की हिरवं. गृहविज्ञानाच्या पुस्तकातल्या पहिल्या फोटोचं वर्णन मी मन लावून लिहिलं : ‘उंबऱ्यात उभी असलेली एक बाई. तिचा चेहरा दिसत नाही.’ पुढं कंटाळा आला. ऑपरेटरांना म्हणालो, “सध्या हेच सगळीकडं चिकटवा. समिती गेल्यावर बघू.”

“भूगोलात पण, साहेब?” एकानं विचारलं.

“भूगोलाला बाईचं वावडं आहे का?”

सगळे हसले. संध्याकाळपर्यंत सगळी पुस्तकं हिरवी झाली. समिती आली, चहा घेऊन, समाधान व्यक्त करून गेली. नंतर कुणी बघितलं नाही. मीही नाही.

पुढच्या सत्रात एक फोन आला. “सर, मी लातूरहून बोलते. मला दिसत नाही. तुमच्या पुस्तकातली ती बाई कोण आहे?”

“कुठल्या पुस्तकातली?”

“सगळ्याच. ज्वालामुखीच्या धड्यात उंबऱ्यात उभी होती. मग पावसाच्या नकाशात आली. मला वाटलं, पुढं खुलासा असंल. वर्ष संपत आलं, ती काही बोलंना.”

तिच्या मागे लॅपटॉपचा आवाज चालू होता, श्वास न घेता वाचणारा. मधेच मला माझं वाक्य ऐकू आलं. मला सगळं कळलं होतं. तरी म्हणालो, “लॅपटॉप कुणाला तरी दाखव. व्हायरस असेल.”

त्या वर्षी तिची परीक्षा घरूनच, ऑनलाइन झाली. प्रश्नांतल्या आकृत्या याच पुस्तकांतून उचललेल्या होत्या आणि वर्णनंही त्यांच्यासोबत गेली. ती भूगोलात नापास झाली. तिनं तक्रार केली, ती अभिप्रायासाठी माझ्याकडं आली. मी लिहिलं, ‘विद्यार्थिनीच्या उपकरणातील दोष.’ तक्रार मिटली.

मी निवृत्त झालो. त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पेपरातला फोटो पाहिला की आधी ते वाक्य ऐकू यायचं, मग फोटो दिसायचा. नातवाच्या बारशाच्या फोटोतसुद्धा मी आधी उंबरा शोधला. घरात कुणाला सांगणार?

शेवटी या उन्हाळ्यात लातूरला गेलो. पत्ता तक्रारीतला, तो विसरता आला नव्हता. दार वाजवलं. दारात एक बाई येऊन उभी राहिली. भर उन्हातून आल्यामुळं मला तिचा चेहरा दिसेना. मी खाली पाहिलं. उंबऱ्यावर हळदकुंकू होतं आणि कडुलिंबाची डहाळी.

ती मुलीची आई होती. मी कुठून आलो ते सांगितल्यावर म्हणाली, “मग त्या बाईचं काय ते सांगा, भाऊ. पोरगी अभ्यासाला बसली की ती येऊनच राहिली. माहूरला जाऊन आले, उंबऱ्याला पुजलं, तरी जात न्हाई.”

“आई, भूत न्हाई ती,” आतून मुलगी म्हणाली. “भुतानं एव्हाना नाव तरी सांगितलं असतं.”

खोलीत पडदे ओढलेले होते. दिव्याची तिला गरज नव्हती. लॅपटॉपचा पडदाही बंद होता आणि त्या काळ्या चौकोनातून आवाज येत होता. तिनं जपून ठेवलेला परीक्षेचा पेपर लावला, माझ्यासाठी वेग कमी केला.

प्रश्न. मग, ‘उंबऱ्यात उभी असलेली एक बाई. तिचा चेहरा दिसत नाही.’

पुन्हा प्रश्न. पुन्हा तेच. दर वेळी कुणीतरी पाऊलभर आत आल्यासारखं वाटत होतं. आईनं पदर घट्ट केला.

“बंद कर,” मी म्हणालो. “ती बाई मी लिहिली.”

“सगळीकडं?”

“सगळीकडं.”

तिनं आवाज बंद केला. “मी परीक्षेत लई विचार केला,” ती म्हणाली. “वाटलं, बाईच्या मागं काहीतरी असंल, मलाच समजंना. पुढं पुढं तर वाटायचं, मलाच काहीतरी झालंय.”

मी माफी मागायला लागलो. तिनं थांबवलं. “काका, माफी घेऊन मी काय करू? त्या पेपरामुळं बी.एड.ला अर्ज भरता येईना. पडदा सुरू करा आणि तिथं खरंच काय आहे ते सांगा.”

मी पडदा सुरू केला. म्हणालो, “दोन्ही बाजूंना उंच भाग आहे. त्यांना लागून एकेक तिरपी भेग. मधला तुकडा खाली गेलाय.”

“खचदरी,” मी थांबायच्या आत ती म्हणाली. “बरोबर?”

“बरोबर.”

“पुढचं सांगा.”

एकेक आकृती मी सांगत गेलो, तिची उत्तरं कागदावर उतरवत गेलो. तिनं बहुतेक ओळखल्या, एक चुकली. चुकलेलीही तिनं लिहायला लावली. मग परीक्षा विभागाला अर्ज लिहून तिला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी मी ‘तांत्रिक त्रुटीमुळे’ असं लिहिलं होतं. तिनं हात वर केला.

“त्रुटी कुणाची, ते लिहा.”

मी ते शब्द खोडले आणि लिहिलं.