कुरकुरीत वाजेपर्यंत

जठारपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू उरलेला ब्रेड कधीच फेकत नाहीत. हॉटेलात सूपवर टाकतात तसे त्याचे चौकोनी तुकडे करतात, गच्चीवर वाळवतात आणि तेल, तिखट, मीठ लावून तव्यावर मंद आचेवर भाजतात. त्यांचे दात गेलेत, म्हणून पहिला तुकडा मला.

"खाय, मले ऐकू दे," म्हणत कान पुढे करतात.

परवा मी आपलं म्हटलं, "मस्त झालेत, काकू!"

"खोटं कावून बोलून राहिली? वाजलाच नाई."

सगळे तुकडे पुन्हा तव्यावर गेले. दुसऱ्या खेपेला तुकडा दाताखाली कुर्रकन वाजला आणि मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "आता झाले."

मग स्वतःचे तुकडे त्यांनी वरणात बुडवले आणि ते मऊ व्हायची वाट पाहत बसल्या.