कुसुमताईंची गोष्ट

काल बाजारात एक अंध बाई कैऱ्या हुंगून निवडत होत्या, आणि मला आमच्या संस्थेतल्या कुसुमताई आठवल्या. एका वर्षी संस्थेच्या अहवालासाठी मला त्यांची गोष्ट लिहायची होती. तासभर त्या लोणच्याबद्दल आणि नणंदेशी झालेल्या भांडणांबद्दल बोलल्या. डोळे गेले, ते एका वाक्यात उरकलं. मी नेमकं तेच वाक्य पानभर फुलवलं. नाव बदललं, तशी पद्धतच होती.

वर्धापनदिनाला मी ते वाचून दाखवलं, तेव्हा पहिल्या रांगेत कुसुमताईंनी डोळ्यांना पदर लावला. मला अगदी धन्य वाटलं. नंतर माझा हात धरून त्या म्हणाल्या, "बिचारी! कोण हो ही? आपल्यातलीच का?"

"नाही," मी म्हणाले.

काल कैऱ्यांपाशी वाटलं, त्या दिवशी मी तेवढंच खरं बोलले.