दोन वॉर्डांमधलं गटार

जळगावात आमच्या घराजवळ दोन बागा आहेत आणि दोन्हींत चालायचा ट्रॅक आहे. ते जोडले असते तर सकाळची सलग फेरी झाली असती. पण मधे उघडं गटार आहे, दोन वॉर्डांच्या बरोबर सीमेवर. दोन्ही नगरसेवकांनी नारळ फोडले, आपापल्या निधीतून आपापल्या हद्दीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आणि स्वतःच्या नावाच्या कमानी उभारल्या. गटारावर स्लॅब टाका म्हणून मी आमच्या नगरसेवकाकडे चपला झिजवल्या. दर वेळी एकच उत्तर, "ते माझ्या हद्दीत येत नाही." मग काय आभाळात येतं?

माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला गटार ओलांडवत नाही आणि बाहेरच्या रस्त्यावर ट्रक अंगावर येतात. शेवटी आम्ही शेजाऱ्यांनी बागेतल्या मोडक्या सिमेंटच्या बाकाची पाठ उचलली आणि गटारावर आडवी टाकली. तिच्यावर लाल अक्षरांत आमच्या नगरसेवकाचं नाव होतं, 'यांच्या सौजन्याने'. ते वरच राहिलं.

दुसऱ्याच सकाळी साहेब हजर! उद्घाटनानंतर बागेत पाऊल न टाकलेला माणूस गटारापाशी उभा राहून ओरडला, "माझ्या नावावर पाय देता? माझ्या हद्दीत हे चालणार नाही!"

चोपड्याकडची माझी आई शांतपणे म्हणाली, "मंग भाऊ, हाई गटार तुमनंच शे ना?"

त्याने माणसं लावून स्वतःचं नाव तेवढं उचलून नेलं. गटार आम्हाला ठेवलं.